एव्हबरी

एव्हबरी : इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील एक लहान खेडे व नवाश्मयुगीन अवशेषांचे जगप्रसिद्ध स्थळ. हे मार्लबरोच्या पश्चिमेस सु. १० किमी. व स्टोनहेंजच्या उत्तरेस सु. २७ किमी. अंतरावर, टेम्सला मिळणाऱ्या केनेट नदीच्या उगमाकडील खडूच्या टेकड्यांच्या प्रदेशात वसले आहे. खंदक व मातीचा बांध यांनी वेढलेले ब्रिटनमधील सर्वांत मोठे शिलावर्तुळ येथे असून गावाचा बराचसा भाग या वर्तुळाच्या आतच आहे. हमरस्ता वर्तुळातून जातो व रस्त्याकाठी घरे आणि एक जुने मद्यगृह आहे. अवशेषांचा नाश व त्यांचे रक्षण या दोन्ही गोष्टी गावाच्या इतिहासाशी निगडित असल्यामुळे येथील वास्तूंचे आजचे स्वरूप समजण्यासाठी त्यांच्या निर्मितीइतकाच गेल्या सात शतकांचा वृत्तांतही पाहावा लागतो.

विंडमिल हिल : परिसरातील सर्वांत प्राचीन अवशेषांपैकी एक गावाच्या वायव्येस या टेकडीवर आहे. तेथे एकाबाहेर एक असे तीन खंदक असून ते अखंड नसून ठिकठिकाणी न खोदलेल्या पट्ट्यांनी तुटलेले आहेत. त्यांचा काळ इ. स. पू. सदतिसावे शतक ठरविण्यात आला आहे. खंदकांत गुरांची विपुल हाडे, मृत्पात्रांचे तुकडे व चकमकीच्या दगडाची हत्यारे सापडली. हे स्थळ कायम वस्तीचे नसावे. आसपासचे पशुपालक व शेतकरी समूह ठराविक प्रसंगी येथे जमून सहभोजन व काही विधी करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. दक्षिण इंग्लंडमधील आद्य नवाश्मयुगीन संस्कृतीला एके काळी या टेकडीचेच नाव दिले जात असे.

वेस्ट केनेटचे दफनस्थान : गावाच्या दक्षिणेस सु. १०० मी. लांबीचा मातीचा एक उंचवटा आहे. त्याच्या पूर्व टोकाशी मोठमोठ्या शिळांनी बांधलेली वाट असून तिच्या दोन्ही बाजूंस दोन दोन व शेवटी एक अशी पाच दालने आहेत. जॉन थर्नम याने १८५९ मध्ये आणि स्टुअर्ट पिगट व रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९५५–५६ मध्ये येथे उत्खनन केले. दालनांत स्त्रिया, पुरुष व मुले मिळून किमान ३६ व्यक्तींचे अवशेष मिळाले. येथील दफने कित्येक शतके चालू होती, असा पूर्वी समज होता. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन–१४ कालमापनाने मूळ दफने इ. स. पू. सु. ३६५० च्या आसपास एकदोन पिढ्यांतच झाली असे दाखवून दिले. त्यानंतर दीर्घकाळाने दालने माती व खडू यांनी भरून प्रवेशद्वार प्रचंड शिळांनी बंद करण्यात आले.

शिलावर्तुळ : एव्हबरीची मुख्य वास्तू इ. स. पू. सु. २८५० ते २२०० या दरम्यान टप्प्याटप्प्याने उभी राहिली. खंदक व बांध मिळून तिने सु. ११·५ हेक्टर जागा व्यापली आहे. हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे याने १९०८–२२ मध्ये अधूनमधून केलेल्या उत्खननांत खंदक मुळात सु. ९ मी. खोल होता असे आढळले. आज तो निम्म्याहून अधिक बुजला आहे. धातूची अवजारे नसल्याने हे सर्व खोदकाम मुख्यत्वे तांबड्या हरणाच्या शिंगांनी केले होते. खंदकाच्या तळाशी अशी शिंगे मिळाली. निघालेला खडू बाहेरच्या बाजूस टाकून बांध रचण्यात आला. खंदक बांधाच्या आतील बाजूस असल्यामुळे ही रचना संरक्षणासाठी नसून धार्मिक वा सामुदायिक विधींसाठी असावी, असे अनुमान केले जाते. तिला चार प्रवेशमार्ग आहेत.

खंदकाच्या आतील कडेने सु. ३३० मी. व्यासाचे बाह्य वर्तुळ असून त्यात मुळात सु. १०० शिळा होत्या. त्याच्या पोटात उत्तरेस व दक्षिणेस प्रत्येकी सु. १०० मी. व्यासाची दोन लहान वर्तुळे होती. या शिळा सारसेन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या असून ते दगड जवळच्या टेकड्यांवर मोकळे पडलेले आढळत. स्टोनहेंजप्रमाणे त्यांना घडविलेले नाही. त्यांचा नैसर्गिक आकार तसाच ठेवून त्या उभ्या केल्या आहेत. काही शिळांचे वजन ४० टनांहून जास्त आहे. दक्षिणेकडील वर्तुळात एक चौरस शिलारचनाही होती, असे २०१७ मध्ये भूभौतिकीय सर्वेक्षणावरून उघडकीस आले.

दक्षिण प्रवेशमार्गापासून शिळांच्या सु. १०० जोड्यांनी सीमित केलेला, सु. २·५ किमी. लांबीचा वेस्ट केनेट मार्ग ओव्हर्टन हिलवरील ‘सँक्चुअरी’ या वर्तुळाकार वास्तूपर्यंत जात असे. पश्चिमेकडेही बेकहॅम्प्टनच्या दिशेने असाच मार्ग होता, असे अठराव्या शतकात विल्यम स्ट्यूक्ली याने नमूद केले होते. त्याच्या केवळ दोन शिळा उभ्या राहिल्याने पुढील अनेक अभ्यासकांना ती त्याची कल्पना वाटली. तथापि १९९९ मधील उत्खननात शिळांचे खड्डे व पुरलेल्या शिळा सापडून त्याच्या विधानाला पुष्टी मिळाली.

सिल्बरी हिल : गावाच्या दक्षिणेस असलेली ही टेकडी मानवनिर्मित असून तिची उंची सु. ४० मी. आहे. युरोपातील प्रागैतिहासिक काळातील मानवनिर्मित टेकड्यांत ती सर्वांत मोठी होय. इ. स. पू. सु. २४०० च्या सुमारास ती रचण्यात आली व तीत सु. अडीच लाख घ. मी. खडू व माती आहे. तिच्या पोटात सिल नावाचा राजा सोन्याच्या घोड्यासह पुरला आहे, अशी लोककथा प्रचलित होती. माथ्यापासून उभे विवर (१७७६), बाजूने बोगदा (१८४९) व ॲटकिन्सनचा बोगदा (१९६८–७०) अशी तीन मोठी खोदकामे झाली. पण कोणाचेही दफन आढळले नाही. मात्र टेकडीच्या गाभ्यात प्राचीन हिरवळीचे थर टिकून राहिल्याचे दिसून आले. जुनी खोदकामे नीट न बुजविल्यामुळे २००० मध्ये माथ्यावर मोठा खड्डा पडला. पुढे २००७–०८ मध्ये पोकळ्या खडूने भरून टेकडी स्थिर करण्यात आली. ती नेमकी कशासाठी रचली, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

नाश व नोंदी : मध्ययुगात वर्तुळात व त्याच्या लगत गाव वाढले. चौदाव्या शतकात अनेक शिळा पाडून जमिनीत पुरण्यात आल्या. त्या पाखंडी देवस्थानाचे अवशेष असल्याच्या समजुतीमुळे वा शेतीला जागा हवी म्हणून हे झाले असावे. यामुळे त्या शिळा शाबूत राहिल्या. १९३८ मध्ये अशाच एका शिळेखाली एका पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याच्याजवळ कात्री, शस्त्रक्रियेचे टोकदार साधन व चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नाणी होती. तो न्हावी-शस्त्रवैद्य असावा व शिळा पाडताना तिच्याखाली चिरडला गेला असावा, असे त्या वेळी मानले गेले. हा सांगाडा लंडनवरील १९४१ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाल्याचा समज होता. पण १९९० नंतरच्या दशकात तो पुन्हा सापडला. त्याच्या फेरतपासणीत चिरडून मृत्यू आल्याचा पुरावा आढळला नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून झालेला नाश अधिक भयंकर होता. शिळेखाली खड्डा खणून त्यात गवत व लाकूड पेटवावयाचे, तापलेल्या शिळेवर थंड पाणी ओतावयाचे व मोठ्या हातोड्यांनी ती फोडावयाची, अशी ही रीत होती. फोडलेले दगड घरे व कुंपणाच्या भिंती यांसाठी वापरण्यात आले. आजही गावातील जुन्या भिंतींत सारसेनचे तुकडे ओळखू येतात. सँक्चुअरीच्या शिळा १७२४ च्या सुमारास नाहीशा झाल्या. तिची जागा मॉड कनिंग्टन हिने १९३० मध्ये उत्खननाने पुन्हा निश्चित केली.

या वास्तूचे महत्त्व प्रथम जॉन ऑब्री या पुराणवस्तुशोधकाने १६४९ मध्ये ओळखले. शिकारीच्या निमित्ताने तो येथे आला होता. पुढे १६६३ मध्ये त्याने दुसऱ्या चार्ल्स राजाला हे स्थळ दाखविले. स्ट्यूक्लीने १७१९–२४ या काळात वारंवार भेटी देऊन मोजमापे व रेखाटने केली आणि १७४३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ही वास्तू ड्रुइड पुरोहितांचे मंदिर होय, हे त्याचे मत आता ग्राह्य धरले जात नाही. कारण ड्रुइडांचा काळ तिच्या उभारणीनंतर दोन सहस्रकांनी येतो. मात्र डोळ्यांदेखत फुटणाऱ्या शिळांच्या त्याने केलेल्या नोंदी हा आजही अमोल पुरावा आहे.

संरक्षण : एकोणिसाव्या शतकात वर्तुळातील जमिनीवर नवी घरे बांधण्याचे घाटत असता सर जॉन लबक याने १८७१ च्या सुमारास ती विकत घेतली. नवाश्मयुग व पुराणाश्मयुग यांच्या इंग्रजी संज्ञा त्यानेच १८६५ मध्ये रूढ केल्या होत्या. त्याच्या प्रयत्नाने १८८२ मध्ये ब्रिटनमधील प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला कायदा संमत झाला. त्याच्या परिशिष्टात एव्हबरी, सिल्बरी हिल व वेस्ट केनेटचे दफनस्थान ही नावे होती. लबकला १९०० मध्ये उमरावपद मिळाले, तेव्हा त्याने एव्हबरी हेच नाव धारण केले.

स्थळाचे आजचे रूप मुख्यत्वे अलेक्झांडर कीलर याच्या कार्याचे फलित आहे. डंडीच्या प्रसिद्ध मार्मालेड-उत्पादक घराण्यातील हा धनिक होता. विंडमिल हिलवर बिनतारी संदेशकेंद्र उभारण्याची योजना निघाली, तेव्हा त्याने १९२४ मध्ये ती टेकडी विकत घेतली व १९२५–२९ या काळात तेथे उत्खनन केले. त्यानंतर गावातील बरीच मालमत्ता घेऊन १९३७–३९ मध्ये त्याने वर्तुळाचा पश्चिम भाग व आग्नेयेकडील काही भाग खणून काढला. पुरलेल्या शिळा मूळच्या खड्ड्यांत पुन्हा उभ्या केल्या व नष्ट झालेल्यांच्या जागी काँक्रीटचे लहान खांब बसविले. १९३८ मध्ये त्याने येथे संग्रहालय स्थापले. दुसऱ्या महायुद्धामुळे काम थांबले. पूर्वेकडील बराच भाग अद्यापि अनुत्खनित आहे. १९४३ मध्ये त्याने ही मालमत्ता १२,००० पौंडांना, म्हणजे शेतजमिनीच्या भावाने, नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिली.

या पुनर्रचनेची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्तुळ मोकळे करण्यासाठी कीलरच्या काळात व पुढेही काही वर्षे गावातील अनेक घरे व गोठे पाडण्यात आले आणि काही कुटुंबांना वर्तुळाबाहेर राहावयास जावे लागले. पाडलेली काही घरे फोडलेल्या शिळांचीच बनलेली होती. प्राचीन वास्तू व तिच्यात राहणारे लोक यांपैकी कोणास किती प्राधान्य द्यावे, हा प्रश्न त्यामुळे एव्हबरीसंबंधीच्या लेखनात पुनःपुन्हा उपस्थित होतो. असाच वाद विंडमिल हिल येथे मिळालेल्या व संग्रहालयात ठेवलेल्या एका बालकाच्या सांगाड्यावरून उद्भवला. आधुनिक ड्रुइड पंथीयांच्या एका गटाने २००६ मध्ये त्याचे पुन्हा दफन करण्याची मागणी केली. सार्वजनिक विचारविनिमयानंतर तो संग्रहालयातच ठेवण्याचा निर्णय २०१० मध्ये झाला.

गावात सॅक्सन काळातील भाग असलेले सेंट जेम्स चर्च, सोळाव्या शतकातील एव्हबरी मॅनर हा वाडा व सतराव्या शतकातील गवताने शाकारलेले मोठे धान्यकोठार या वास्तूही प्रेक्षणीय आहेत. स्टोनहेंज, एव्हबरी व तत्संबंधित स्थळे यांचा १९८६ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रित समावेश करण्यात आला. स्टोनहेंजप्रमाणे येथे शिळांभोवती कुंपणाची मर्यादा नाही; अभ्यागतांना त्यांच्यामधून हिंडता येते आणि वर्तुळात मेंढ्या चरत असतात.