बांधावरची घेटुळी आणि घरातील पांडुरोग

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. आपण सर्वांनी महाविद्यालयात ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि व्यवसायात उतरल्यावर पहिल्या दोन पादांपुरतेच पाहण्याची सवय लावून घेतली. वैद्य जाणता असावा, औषध उत्तम असावे. उरलेले दोन पाद घरची मंडळी सांभाळतील, अशी आपली समजूत असते. रहिमतपूर व आसपासच्या गावांतील रुग्ण पाहताना आमची ही समजूत हळूहळू ढासळत गेली. इकडे घरोघरी उपस्थाता म्हणजे स्त्रीच. सासऱ्यांचा काढा उकळणारी ती, नातवाला चाटण देणारी ती, पथ्याचा स्वयंपाक वेगळा मांडणारीही तीच. ती स्वतः आजारी पडली म्हणजे तिचा उपस्थाता कोण, हा प्रश्न आम्ही पुष्कळ घरांत विचारून पाहिला. बहुतेक ठिकाणी प्रश्नच हास्यास्पद ठरला.

रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. भोवतालचा मुलूख आले, हळद, ऊस आणि घेवड्याचा. या पिकांच्या लावणीपासून काढणीपर्यंत जी कामे कंबर वाकवून करावी लागतात, ती बहुतांशी स्त्रियांकडे आहेत. सकाळी घरचे आवरून खुरपणीस जाणारी, सायंकाळी परत येऊन चुलीपुढे बसणारी आणि सर्वांच्या शेवटी जेवणारी ही स्त्री आपल्याकडे येते ती 'अंगात ताकद न्हाय' एवढीच तक्रार घेऊन. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के, तर महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. त्याआधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले होते.

अशाच एका मावशींना आम्ही पांडुरोगाचे निदान करून लोहासव दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा दिले, महिन्याने मात्रा वाढविली. डोळ्यांतील पांढुरकेपणा काही हटेना. आम्ही कृमींचा विचार केला, ग्रहणीचा केला, औषधाच्या प्रतीबद्दलही शंका घेतली. त्या औषध घेतच नसतील, ही शंका मात्र आम्हास फार उशिरा आली. विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाटलीला दारूवानी वास मारतोय, डाक्टर. घरात ठिवली तर सासू म्हंती, आता ही बी पियाला लागली." बाटलीवरील सूचना त्यांना वाचता येत नव्हती, सासूबाईंनाही येत नव्हती, आणि देताना आम्ही चार वाक्ये समजावून सांगितली नव्हती. कल्प निर्दोष होता, निदानही चुकले नव्हते. चूक आमची होती. त्याच मावशींना पुढे चूर्ण व मंडूर गूळ-तुपाबरोबर कसे घ्यावयाचे हे त्यांच्या सुनेसमोर सांगितले. मग औषध पोटात जाऊ लागले.

आदर्श रुग्णाचे चार गुण चरकाने सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. हे गुण आपण स्वभावाचे मानतो. परंतु निर्देश पाळण्यास तो वाचता यावा लागतो, निदान कोणीतरी नीट समजावून सांगावा लागतो. शिवाय पाळण्याची मुभाही असावी लागते. श्वेतप्रदराची तक्रार नवऱ्यासमोर सांगण्याचे ज्ञापकत्व कोणत्या सुनेत असेल? तपासणीच्या शुल्कासाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागणाऱ्या स्त्रीने अभीरुत्व कोठून आणावे? शिक्षण आणि स्वतःचा पैसा या गोष्टी आपल्या शास्त्राबाहेरच्या नाहीत. चौथ्या पादाचे गुण त्यांच्यावाचून उभे राहत नाहीत, असे आमचे मत झाले आहे.

आपल्याच भागात हे ओळखणारी एक स्त्री शतकापूर्वी होऊन गेली. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती; ती न्यायमूर्तींनी करून दिली. वैधव्यानंतर त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे प्रौढ स्त्रियांना लिहिणे-वाचणे व शिवणकाम शिकवले जाई आणि रुग्णशुश्रूषेचे शिक्षणही मिळे. चांगल्या घरच्या बाईने परक्याची शुश्रूषा करणे हीनपणाचे समजले जाई, असा तो काळ. म्हणजे आज सरकारी योजनांतून 'आरोग्य, शिक्षण व व्यवसाय' अशी जी त्रिसूत्री ऐकू येते, ती देवराष्ट्र्याच्या या लेकीने एकाच छताखाली आणली होती.

पुढे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे जे काम आरंभिले, ते वैद्यकाच्या अंगाने याहून पुढे गेले. हे दांपत्य आधुनिक वैद्यकाचे; त्यांच्याकडून शिकण्यात आपल्या शास्त्राला उणेपणा येत नाही. खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका टिकेनात, तेव्हा त्यांनी गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनाच हाताशी धरले. त्या दर आठवड्यास जामखेडला जमत, शिकत, गावात काय घडले ते सांगत आणि परत जात. गरोदर स्त्रीची देखभाल, अतिसार झालेल्या बालकास मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग्याची ओळख ही कामे त्या करू लागल्या. बाळंतिणीने काय खावे हे डॉक्टराने सांगितले तर सासू मान डोलावते आणि जुन्याच रीतीने वागते. तेच शेजारच्या आळीतील बाईने सांगितले तर ऐकते. या कार्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले, तिची पूर्वसुरी आपणास जामखेडच्या या स्त्रियांत दिसते. आशांच्या आरंभीच्या औषधपेटीत पुनर्नवादी मंडूर होते, याची आठवण आम्ही वाचकांस मुद्दाम करून देतो. चरकाच्या पांडुचिकित्सेतील मंडूरकल्प गावोगावच्या पेटीत पोहोचला होता, आणि आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावच्या आशाताईस बोलावून त्याचे अनुपान समजावून दिले? आम्ही दिले नाही.

तिसरे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातील आहे. रहिमतपूरच्या पूर्वेस औंध, वडूज ओलांडून पुढे गेले की माण तालुक्याचा दुष्काळी पट्टा लागतो. तेथे म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन केली. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईस रोजचे थोडे पैसे साठवावयाचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडीना, येथून ही कथा सुरू होते. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. या बाया परत येऊन अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहून त्यांनी सांगितले की, आम्हास व्याज तोंडी काढावयास सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांसही यंत्राशिवाय काढावयास सांगा. परवाना मिळाला. पुढे त्याच कामातून बसमध्ये भरणारी फिरती उद्योगशाळा निघाली. वैद्याच्या दृष्टीने यातील मर्म एवढेच की, स्वतःच्या नावावर पैसे असलेली स्त्री आजार अंगावर काढत नाही. दुखणे लहान असतानाच येते.

आता फार्मसीचालक बंधूंसाठी दोन शब्द. आमच्या भागात पावसाळा सुरू झाला की बांधावर, वाटेकडेला घेटुळी उगवते. आपण तिला पुनर्नवा म्हणतो. खुरपणीस आलेली बाई ती तण म्हणून उपटते, फार तर कोवळा पाला भाजीस नेते, उरलेले ढिगावर टाकते. तीच पुनर्नवा आपण दूरच्या बाजारातून, कोणी गोळा केली, केव्हा वाळवली, काय मिसळले हे न कळता विकत घेतो. मंडूर होऊन ती पुन्हा याच गावात येते आणि ती उपटणाऱ्या पांडुरोगी बाईस विकली जाते. या फेऱ्यात तिच्या हाती काहीच राहत नाही. अडुळसा, गुळवेल, माका, सराटे यांचीही गत फारशी वेगळी नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. बचत गटाने घरीच चूर्णे, गुट्या करून औषध म्हणून विकाव्यात, असा सल्ला काही उत्साही मंडळी देतात. तो गैर आहे. विक्रीसाठी औषध बनविण्यास परवाना लागतो आणि २००० सालापासून उत्तम निर्मितीचे नियम बंधनकारक झाले आहेत. स्वतःच्या रुग्णापुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास जी सवलत आहे, ती गटास लागू नाही. यास्तव गटाने ओळख, तोडणी, निवडणे, धुणे, सावलीत वाळवणे इतके शिकावे आणि वाळलेला कच्चा माल परवानाधारक फार्मसीस द्यावा. शिकवणे आपले काम. फार्मसीने तीन गोष्टी कराव्यात : भाव हंगामापूर्वी कळवावा, माल नाकारावयाचा तर कारण लेखी द्यावे, आणि पैसे तोडणी करणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात भरावेत. घरच्या पुरुषाच्या खात्यात भरलेल्या पैशातून आमच्या चिकित्सालयात कोणी स्त्री स्वतःसाठी आल्याचे आम्हास आठवत नाही. आणि औषधाच्या वेष्टनावर, बारीक इंग्रजी अक्षरांऐवजी, ठळक मराठीत व शक्य तर सूर्य-चंद्राच्या चित्रांनी वेळ दाखवावी. याला खर्च किरकोळ येतो.

दर ठरविण्यात अडचणी येतील हे आम्ही जाणतो. घेटुळीसारखीच जमिनीवर पसरणारी दुसरी एक मांसल पानांची वनस्पती पुनर्नवेत सर्रास मिसळलेली सापडते, आणि गटाकडून घेतलेल्या मालातही ती येईल अशी भीती आमच्या एका फार्मसीचालक स्नेह्यांनी बोलून दाखविली. म्हणून आम्ही नमुना गोळा करण्यास बांधावर गेलो. लोहासव न घेणाऱ्या त्या मावशी बरोबर होत्या. आम्ही उपटलेल्या एका जुडीतील दोन रोपे त्यांनी पाहता पाहता बाजूला काढली आणि म्हणाल्या, "ही न्हवं डाक्टर. हिचं बी लुगड्याला चिकटत न्हाय." चिकित्सालयात येऊन आम्ही फुलाफळांवरून ताडून पाहिले. दोन्ही रोपे दुसरीच निघाली.