शेगडीचे पैसे आणि हाताची किंमत

द्वितीय वर्ष, कला

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” हे वाक्य मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आले आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. कायदा हा वकिलांचा आणि पैसेवाल्यांचा, अशीच माझीही समजूत होती. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचा हात भाजला, आणि ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली.

दादा टेंपो चालवतो. मित्रांबरोबर तो हरिश्चंद्रगडाला गेला होता. पायथ्याच्या पाचनई गावात मुक्काम होता. एका मित्राने ऑनलाइन मागवलेली गॅसची छोटी शेगडी बरोबर होती. सकाळी चहासाठी दादाने ती उघड्या अंगणात, सूचनेप्रमाणे डबा बसवून पेटवली. सांध्यातून गॅस गळला, भडका उडाला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सात आठवडे टेंपो दारात उभा राहिला. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

अपघातानंतर पाच आठवड्यांनी मित्राच्या फोनवर विक्रेत्याचा संदेश आला : शेगडीच्या झडपेत दोष आढळला आहे, ती परत पाठवा आणि अठराशे रुपये घेऊन जा. मित्र भला माणूस. “हे पैसे तुझ्या औषधाला घे,” असे तो दादाला म्हणाला. आई म्हणाली, “नशिबात होतं ते झालं. मिळतात तेवढे घ्या.”

मला मात्र प्रश्न पडला, की शेगडीचे पैसे परत मिळाले म्हणजे हाताचा हिशेब मिटला काय? राज्यशास्त्राच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी ग्रंथालयातून ‘ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९’ काढून हातात ठेवला. तो वाचून जे समजले, ते वाचकांपुढे मांडते.

पहिली गोष्ट अशी, की सदोष माल परत मागविणे आणि इजेची भरपाई या दोन वेगळ्या बाबी आहेत. कायद्याच्या विसाव्या कलमाने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागविण्याचा आणि ग्राहकांना किंमत परत देण्याचा आदेश काढता येतो. २०२२ साली या प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेला, तिच्यावरून विकले गेलेले व गुणवत्तेच्या सक्तीच्या मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर परत मागविण्याचा आदेश दिला होता. पुष्कळदा कंपन्या आपण होऊनही माल परत घेतात. पण यात परत मिळते ती वस्तूची किंमत. भाजलेला हात, बुडालेली मजुरी आणि मनस्ताप यांची भरपाई वेगळी मागावी लागते. तिला कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ म्हटले आहे.

येथे घरात पहिली शंका निघाली : शेगडी दादाने विकत घेतलीच नव्हती, मग त्याला हक्क कसला? ही शंका फार जुनी आहे. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेस्ली गावी डोनोह्यू नावाच्या बाईंना त्यांच्या मैत्रिणीने जिंजर बियरची बाटली घेऊन दिली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलो, अशी बाईंची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणजे बाईंचा करार कोणाशीच नव्हता. तरीही १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले, की वस्तू शेवटी जो वापरतो त्याच्याविषयी काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. अमेरिकेत १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रीनमन खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. पत्नीने भेट दिलेल्या यंत्रातून लाकूड उडून ग्रीनमन यांच्या कपाळाला लागले होते. उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी सदोष वस्तूने झालेल्या इजेची जबाबदारी त्याचीच, असे त्या न्यायालयाने म्हटले. आपल्या कायद्यातही खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा ग्राहकच समजला जातो. दादाची शंका तेथेच फिटली.

मग सिद्ध काय करायचे? कलम ८४ प्रमाणे वस्तू बनविण्यात दोष होता, तिची रचनाच सदोष होती, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व इशारे दिले नव्हते, यांपैकी एखादी गोष्ट आणि त्यातूनच इजा झाली हे दाखवावे लागते. उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा परदेशी कारखान्याला नोटीस पोहोचविता येत नसेल, तर कलम ८६ प्रमाणे विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. मात्र ग्राहकाची बाजू नेहमीच खरी ठरते असे नव्हे. वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याचा इशारा दिला नाही, एवढ्यावरून उत्पादकही दोषी ठरत नाही. बंद तंबूत शेगडी पेटविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. तेथे कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला उशिरा उमगली. ती शेगडी हाच आमचा मुख्य पुरावा होता! दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अठराशे रुपयांसाठी ती परत केली असती, तर प्रयोगशाळेत पाठवायला आमच्यापाशी काय उरले असते? मी मित्राच्या घरी धावत गेले. शेगडी खोक्यात बांधून तयार होती. ती आम्ही ठेवून घेतली. तिची दुरुस्ती केली नाही, तिला धुतलेसुद्धा नाही. छायाचित्रे, खरेदीची पावती, तो संदेश आणि दवाखान्याची कागदपत्रे एकत्र केली. गॅसचा डबा मात्र कोणीतरी भंगारात टाकला होता. त्याची हळहळ अजून वाटते.

तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती देता येते आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. कंपनीने पैसे देताना ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशा कागदावर सही मागितली, तर तो कागद आधी वाचावा, जाणत्याला दाखवावा.

आमची तक्रार आठव्या महिन्यात दाखल झाली. निकाल अजून लागायचा आहे आणि तो आमच्या बाजूने लागेलच असे मी म्हणत नाही. शेगडी जुन्या धोतरात गुंडाळून आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. पहिल्या तारखेला दादाबरोबर वडीलही आले होते. आयोगाच्या कचेरीला पाच पायऱ्या आहेत. ते खाली थोडे थांबले, चपला झटकल्या आणि आमच्या पुढे चढून गेले.