दिवाणखान्यातील मराठी

‘दिवाणखाना’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. दिवाण म्हणजे दरबार वा कचेरी. खाना म्हणजे घर. नावातच दरबारी थाट असल्यामुळे की काय, जुन्या वाड्यांतील ही जागा पुरुषमंडळींच्या बैठकीची असे. स्त्रियांचे राज्य माजघरात. परके पाहुणे बसलेले असता घरातील मुलीने दिवाणखान्यात यावयाचे, ते बहुधा तिला ‘दाखविण्या’च्या वेळीच.

बडोद्यास दांडिया बाजारातील आमच्या दिवाणखान्यात, गुजराती शेजाऱ्यांचे पाहून घेतलेला, पितळी कड्यांचा झोपाळा होता. सायंकाळी वडील त्यावर बसत आणि आम्हां भावंडांपैकी एकाने मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयाचे, असा दंडक होता. उच्चार चुकला की झोपाळा थांबे. बाजार, खेळ, मित्र सारे गुजरातीत; शुद्ध मराठी कानी पडे ती याच चार भिंतींत.

पुढे दूरचित्रवाणी आली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली. आणि आजी, आई, काकू, शेजारच्या बायका पुरुषांच्या बरोबरीने दिवाणखान्यातील सतरंजीवर बसल्या. माजघराची भिंत त्या पेटीने पाडली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एकमेकांकडे असलेली माणसांची तोंडेही तिनेच आपल्याकडे वळविली. झोपाळा आड येतो म्हणून काढून माळ्यावर ठेवला. वाचन केव्हा बंद पडले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आज सदनिकेच्या ‘हॉल’मध्ये तो संचही एकाकी झाला आहे, ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या तळहातावर. गेल्या वर्षी माझ्या मुलीने आजोबांचे एक जुने पत्र माझ्यापुढे धरले. म्हणाली, “बाबा, अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. वाचून सांगता?” जन्मभर दुसऱ्यांची मुले शिकविणारा, मराठीचा एम. ए. झालेला मी क्षणभर निरुत्तर झालो.

तेव्हापासून रात्री अर्धा तास आमच्याकडे वाचन होते. मुलगी वाचते, मी ऐकतो; आणि तिची आई तेथेच बसून, उद्याची भाजी निवडता निवडता, तिचे उच्चार सुधारते. वडिलांच्या दिवाणखान्यात माझ्या आईला हा अधिकार नव्हता. म्हणून तो दिवाणखाना जसाच्या तसा परत यावा, असे मला वाटत नाही. त्यातील वाचन तेवढे परत आले, हे पुष्कळ झाले.