अक्षरं ओळखतो, पण वाचत नाही

'बाई, पोराला सगळी बाराखडी पाठ आहे,' असं कळंब तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पालक मला कौतुकानं सांगतात. पोर बाराखडी खरंच घडाघडा म्हणतं. पण पुढ्यात 'पिशवी' हा शब्द आला की अडतं.

अडण्याला कारण आहे. पहिली वेलांटी लिहिताना 'प'च्या आधी येते, बोलताना मात्र नंतर. म्हणून मी आधी तोंडी खेळ घेते: प-पि, म-मि, च-चि. कानाला फरक कळला की मग फळा. शब्द वाचायला सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघावी लागत नाही. 'गमभन'पासून सुरुवात करायची आपली रीत आहेच. ग, म, न आणि काना एवढ्यावर 'मामा', 'नाग', 'मान' वाचता येतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अर्थपूर्ण वाचनाचा हाच आग्रह धरला. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानातही तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे.

आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम वाचनाच्या आड येतो. दिवाळीच्या सुमारास कोयता निघाला की काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पहिली-दुसरीत वेलांट्या, उकार, जोडाक्षरं शिकायच्या वेळीच महिने बुडतात. परतलेल्या मुलाला तिसरीचं पुस्तक देऊन गप्प बसवण्यात अर्थ नाही. ते जिथं अडलं तिथूनच धरायला हवं. 'प्रथम' संस्थेनं देशभर नेलेली पद्धतही हीच: इयत्ता न बघता मुलाला काय वाचता येतं ते बघून गट करायचे.

घरी आजीला वाचता येत नसलं तरी तिची मोठी मदत होते. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, चहाचा पुडा, एसटीची पाटी नातवाला वाचायला लावावी. शाळेतून आणलेली गोष्ट ऐकताना मध्येच 'मग पुढं काय झालं?' विचारावं. अडलं तर रागावू नये. थोडं थांबावं, त्याला पुन्हा बघू द्यावं. रोज दहा मिनिटं असं ऐकणारं माणूस मिळालं, तर शाळेत शिकवलेलं टिकतं.