बरणीसारखा पक्का रंग आपल्या मातीवर कसा चढेल?



दिवाळीनंतरच्या बैठकीत साक्री तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंनी पिशवीतून सहा कप काढले आणि माझ्यासमोर ठेवले. हाताने केलेले, छान गोल, कान नीट बसलेले. पण वरचा रंग म्हणजे नुसती भुकटी. बोट लावलं की बोटाला यायची. ताई म्हणाल्या, "मॅडम, बठ्ठा पैसा पानीमा गया."

झालं असं, की त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक बाई कपाला ब्रशने रंग लावते, भट्टीत ठेवते आणि कप काचेसारखा चमकत बाहेर येतो. ताईंनी गटातून ३,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, ग्लेझची पाकिटं मागवली, रंग लावला आणि दिव्यांसोबत कप आव्यात भाजले. हाताचं काम कुठेच चुकलं नव्हतं. कमी पडली ती आग.

तेव्हापासून तीन-चार गटांनी मला हाच प्रश्न विचारला. दिव्यांना ऑइलपेंट लावला तर तेलाने सुटतो, पोस्टर कलर लावला तर पाण्याने जातो; मग बरणीसारखा पक्का रंग कसा येईल? त्याचं उत्तर या अंकात एकत्र लिहिते. पाकीट मागवण्याआधी एवढं वाचा.

ग्लेझ म्हणजे रंग नाही, काच आहे

घरातली लोणच्याची बरणी आठवा. वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरी. आजीने ती कितीदा राखेने घासली असेल, तरी रंग गेला नाही. कारण तो वरून फासलेला रंग नाही. मातीवर वितळून घट्ट बसलेला तो काचेचा पातळ थर आहे. त्यालाच ग्लेझ म्हणतात.

ग्लेझमध्ये मुख्य तीन गोष्टी असतात. पहिली गारगोटीची पूड. काच तिचीच होते. पण ती एकटी वितळायला फार मोठी आग लागते. म्हणून दुसरी वस्तू घालतात, तिला लवकर वितळवणारी. जळगावचे सोनार दागिना जोडताना टाकणखार वापरतात ना? तोच टाकणखार किंवा त्याच्यापासून बनवलेली पूड इथे उपयोगी पडते. तिसरी वस्तू म्हणजे थोडी पांढरी माती. तिच्यामुळे वितळलेली काच भांड्याला धरून राहते, खाली ओघळत नाही.

आणि रंग? तो धातूंच्या क्षारांतून येतो. लोखंडाने मधासारखा आणि तपकिरी, तांब्याने हिरवा, कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळट तपकिरी. एक लक्षात ठेवा, पाकिटातल्या पुडीचा रंग आणि भाजल्यावरचा रंग वेगळा असतो. निळं होणारं ग्लेझ आधी फिकट गुलाबीसुद्धा दिसू शकतं. पुडीचा रंग पाहून "हे चुकीचं पाठवलं" म्हणू नका.

आधी आग बघा, मग रंग निवडा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. प्रत्येक ग्लेझचं वितळण्याचं तापमान ठरलेलं असतं. माती, ग्लेझ आणि भट्टी या तिघींचं जमलं तरच काम जमतं.

आपला गावातला आवा, गोवऱ्या आणि काडीकचऱ्यावर लावलेला, साधारण ७०० ते ८५० अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात माठ आणि दिवे पक्के होतात. पण कमी तापमानाच्या तयार ग्लेझलाही साधारण १,००० ते १,०६० अंश लागतात. बरणीचं ग्लेझ तर १,२०० च्या पुढे जातं. साक्रीच्या ताईंची पूड वितळलीच नाही, ती याच कारणाने. शिवाय उघड्या आव्यात राख आणि धूर थेट भांड्याला लागतो. ग्लेझला बंद भट्टी हवी, तापमान मोजता येईल अशी.

पाकिटावर बऱ्याचदा अंश लिहिलेले नसतात, "कोन" लिहिलेला असतो. कोन ०६ म्हणजे सुमारे १,००० अंश, कोन ०४ म्हणजे सुमारे १,०६०. पण नुसता ६ म्हणजे सुमारे १,२२० अंश! त्या एका शून्याने दोनशे अंशांचा फरक पडतो. हे मी स्वतः पैसे घालवून शिकले. प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा ०६ चं ग्लेझ लावलेला कप ६ च्या भट्टीत ठेवला. ग्लेझ गुळाच्या पाकासारखं ओघळलं, कप भट्टीतल्या फरशीला चिकटला आणि काढताना दोन्ही फुटले. फरशीचे पैसे मला भरावे लागले.

आपली नदीकाठची तांबडी माती साधारण १,१०० अंशांच्या पुढे वाकायला, फुगायला लागते. म्हणून आपल्यासाठी ०६ ते ०४ चं कमी तापमानाचं ग्लेझच बरं.

सगळ्यालाच ग्लेझ नको

माठाला ग्लेझ लावलं तर माठ बाद. माठातलं पाणी गार होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून, हवेत उडून जातं म्हणून. काचेने छिद्रं बुजली की पाणी गार होणार नाही. आखाजीची घागर आहे तशीच ठेवा, लोक ती तशीच मागतात.

खापराचंही तेच. मांडे करताना खापर थेट जाळावर असतं. काच आणि माती सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. ग्लेझ तडकून त्याच्या कपच्या मांड्यात येतील. खापर साधंच हवं.

मग ग्लेझ कशाला? दिवे, फुलदाण्या, शोभेच्या टाइल्स, घराच्या नावाच्या पाट्या, कुंडीची बाहेरची बाजू, अगरबत्तीचे स्टँड, मातीचे दागिने. यांत खाण्यापिण्याचा संबंध येत नाही. सुरुवात इथूनच करा. कप-बश्यांवर नंतर या. का ते पुढे सांगते.

शिशाचा धोका

जुन्या काळापासून ग्लेझ लवकर वितळावं म्हणून त्यात शिसं घालत आले आहेत. चमक सुंदर येते, आगही कमी लागते. पण शिसं विष आहे. लिंबू, चिंच, ताक, लोणचं असं आंबट काही त्या भांड्यात ठेवलं की शिसं हळूहळू अन्नात उतरतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो. मेक्सिको देशात पिढ्यान् पिढ्या अशी शिशाच्या ग्लेझची भांडी वापरली गेली, आणि तिथल्या मुलांच्या अंगात शिसं जाण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. वापरणाऱ्या बायकांनाही भांडं सुंदरच दिसत होतं. शिसं डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही.

म्हणून तीन नियम. एक, पाकिटावर "शिसेविरहित" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या. सुटं, बिनलेबलचं, स्वस्त ग्लेझ घेऊ नका. दोन, भडक लाल, केशरी, पिवळ्या ग्लेझमध्ये कॅडमियम असू शकतं. ते खाण्याच्या भांड्याच्या आतून लावू नका. तीन, कप विकायचे असतील तर तयार नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. रात्रभर लिंबाची फोड ठेवून रंग बदलतो का, हे घरी बघता येतं. बदलला तर ग्लेझ कच्चं आहे. पण नाही बदलला म्हणजे शिसं नाही, असं मात्र समजू नका.

आणि ऑइलपेंट लावलेला कप "ग्लेझचा" म्हणून कधीही विकू नका. एका गिऱ्हाइकाला कळलं की सगळ्या गटांचं नाव जातं.

सुरुवात चार पाकिटांनी

नव्याने शिकताना दहा रंग घेऊ नका. पारदर्शक, पांढरं, मध-तपकिरी आणि निळं, एवढी चार पुरे. पारदर्शक ग्लेझखाली मातीचा तांबडा रंग खुलून दिसतो. पांढरं माती पूर्ण झाकतं. मध-तपकिरी ग्लेझ कडेला पातळ आणि खोलगट जागी दाट बसतं, त्यामुळे कोरलेली नक्षी आपोआप उठून दिसते. निळं लांबूनही डोळ्यांत भरतं. ग्लेझ "न ओघळणारं" आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.

पद्धत अशी:

१. वस्तू पूर्ण वाळली की पहिली भाजणी करा, साधारण ९५० ते १,००० अंशांवर. याला बिस्किट म्हणतात.

२. ओल्या स्पंजने धूळ पुसा. तेलकट हात लावू नका, तिथे ग्लेझ धरत नाही.

३. ग्लेझ तळापासून ढवळा, बारीक चाळणीतून गाळा. पातळ दह्याइतकं असावं.

४. ब्रशने तीन हात द्या. एक हात उभा, पुढचा आडवा. आधीचा हात वाळल्यावरच पुढचा.

५. बूड आणि बुडापासून बोटाच्या अर्ध्या पेराइतकी जागा पुसून कोरी ठेवा. नाहीतर वस्तू फरशीला चिकटते.

६. भट्टीत वस्तू एकमेकींना टेकू देऊ नका.

७. भाजल्यावर घाई नको. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडलं तर तडे जातात.

पण पहिल्या भाजणीत माल लावू नका. त्याच मातीच्या दहा-बारा छोट्या चकत्या करा. प्रत्येकीवर एक हात, दोन हात, तीन हात असे पट्टे द्या आणि मागे खिळ्याने नंबर कोरा. वहीत नंबर, ग्लेझ, किती हात, किती अंश हे लिहा. इतिवृत्त लिहितो तसंच. ही वही पुढे गटाची पुंजी होईल.

पूड हाताळताना मास्क लावा. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्वयंपाकाची भांडी-चमचे यासाठी वापरू नका. लेकरं दूर ठेवा.

बिघडलं तर कारण शोधा

रंग भुकटीसारखा राहिला, तर आग कमी पडली. ओघळला, तर आग जास्त झाली किंवा थर जाड झाला. जागोजागी गोळा होऊन माती उघडी पडली, तर धूळ किंवा तेल राहिलं. टोचल्यासारखी छिद्रं आली, तर बहुतेक पहिली भाजणी कच्ची होती. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर माती आणि ग्लेझचं जमत नाही. असं भांडं शोभेला चालेल, खाण्याला नाही.

हिशोब आणि शिक्षण

एका गटाने भट्टी घेणं परवडत नाही. ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ पातळीवर एकच सामाईक भट्टी असावी, असं माझं मत आहे. आकडा असा काढा: ६ किलोवॉटची विजेची भट्टी ८ तास चालली तर जास्तीत जास्त ४८ युनिट. आपल्या बिलाचा दर लावा, त्यात ग्लेझ, माती आणि मजुरी मिळवा. मग ६० वस्तूंतून ५ फुटल्या तर खर्च ५५ वर वाटा, ६० वर नाही. स्वतःची मजुरी लावायला विसरू नका, ती आपण नेहमी विसरतो.

खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभारकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी ती योजना आहे. घरातून एकालाच लाभ मिळतो आणि आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठीच आहे. नोंदणीची आजची स्थिती ग्रामपंचायतीत विचारा.

बाजाराचं म्हणाल, तर १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत टेरी नावाच्या साहेबाने ग्लेझची भांडी घडवून घेतली. त्यांवर नक्षी कुठली होती माहीत आहे? अजिंठ्याची! जळगाव स्टेशनवर उतरून लोक आजही अजिंठ्याला जातात. त्यांच्या पिशवीत आपली एक टाइल का नसावी?

त्या सहा कपांचं काय झालं? न वितळलेलं ग्लेझ पुन्हा भाजता येतं. ओळखीच्या एका कलाकाराच्या भट्टीत ते १,०५० अंशांवर भाजून आणले. एक तडकला, दोघांना छिद्रं पडली, तीन मात्र निळेशार निघाले. ग्लेझची तपासणी झालेली नाही, म्हणून ताईंनी त्यांत चहा न घेता पेन आणि ब्रश ठेवलेत. कर्जाचा हप्ता दिव्यांच्या पैशांतून चालू आहे.

पुढच्या बैठकीत या चार प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहून आणा: आपली माती किती आग सोसते? भट्टी कुठे मिळेल? पहिली वस्तू कोणती? ती घेणार कोण? चारही उत्तरं आल्यावरच पाकिटांचा ठराव करा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक