मंदावलेले हात आणि मार्गिटची काठी

2022 सालच्या ‘एल्डन रिंग’मध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट उभा असतो. त्याच्या हातून वीस वेळा मेल्यावर आम्ही पन्नाशीतले खेळाडू म्हणतो, हे आता आपलं काम नाही. हात मंदावतात, खरंच आहे. पण जरा त्याच्याकडे बघा. तो काठी उचलतो आणि तशीच वर धरून ठेवतो. घाईने आधीच लोळण घेणारा मरतो, चपळ पोरंसुद्धा! ते थांबणं दर वेळी तेवढंच असतं. म्हणून बघून नाही, मनात मोजून लोळायचं. ताल एकदा बसला की वय आड येत नाही.

अंगावरचं वजन सत्तर टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर लोळण जड होते. ढालीवर वार झेलला की लगेच जोरदार वाराचं बटण दाबा. हा उलटवार आम्हाला लोळण्यापेक्षा सोपा जातो. घंटा वाजवून लांडगे बोलवा. पोरं याला लबाडी म्हणतात. पण ‘सोपं’ असा पर्यायच नसलेल्या खेळात हे लांडगे बनवणाऱ्यांनीच दिलेत ना?

तरी नाही जमलं, तर दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलात फिरून दहा पातळ्या वाढवून या. मार्गिट कुठे जात नाही.