टाळू दुभंगली की ‘बाबा’ का अडतो?

टाळू दुभंगलेलं मूल ‘मामा’ बऱ्यापैकी म्हणतं. ‘बाबा’ मात्र पुष्कळदा ‘मामा’सारखंच ऐकू येतं. दोष जिभेचा नाही, हवेच्या वाटेचा आहे. प, ब, ट, क म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. त्यासाठी मागची मऊ टाळू वर उचलली जाते, घशाच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद करते. म, न, ण यांना ती वाट उघडीच हवी असते, म्हणून ते सुटतात. फट असली की हवा नाकातून निसटते, बोलणं गेंगाणं होतं. काही मुलं मग व्यंजन थेट घशात अडवायला शिकतात. ही सवय शस्त्रक्रियेनं जात नाही, तिला वाचा-उपचारच लागतात.

शस्त्रक्रिया साधारणपणे वयाच्या ९ ते १८ महिन्यांत होते. तरीही शिवलेली टाळू कधी आखूड पडते. तेव्हा नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ उरलेली पोकळी भरून काढत असते. घोरण्यासाठी ती काढून टाकली, तर सुधारलेलं बोलणं पुन्हा नाकात जाऊ शकतं. हा धोका पालकांना आधी सांगायलाच हवा. वरचा जबडा मागे राहिला तर ‘स’ही बिघडतो. शिवाय कानाची नळी टाळूचेच स्नायू उघडतात. ते दुबळे असले की मधल्या कानात पाणी साठतं आणि मुलाला नीट ऐकूच येत नाही.